चिनी शहरातली भाजीची पिशवी नेमकी कुठे भरते?

२०२५च्या उन्हाळ्यात चीनच्या शहरांत दूध घातलेला थंडगार चहा जवळजवळ फुकट मिळत होता. अ‍ॅप उघडायचं, कूपन लावायचं, एखाद-दोन युआन भरायचे (एक युआन म्हणजे साधारण १२ रुपये) की अर्ध्या तासात पेला दारात. जुलैमध्ये तर काही कूपनांवर शून्य युआनच लिहिलेलं होतं. फेब्रुवारीत जेडी ही ऑनलाइन विक्रीतली बडी कंपनी घरपोच जेवणाच्या धंद्यात उतरली होती. तिथे आधीपासून मेइतुआनची सत्ता होती. एप्रिल-मेमध्ये अलीबाबाही पूर्ण ताकदीनिशी आली आणि तिघांत कूपनांची लढाई पेटली. ती इतकी वाढली की बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने मेमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये या कंपन्यांना बोलावून समज दिली.

चहासाठी एवढा पैसा कोण जाळतं? चहा हे निमित्त होतं. जो रायडर चहा आणतो तोच अंडी, पालेभाजी, टोफू, डुकराचं मांस आणि कोळंबीही आणतो. चहा माणूस लहर आली की मागवतो, भाजी मात्र रोज लागते. ज्याच्या अ‍ॅपवरून रोजची भाजी येते त्याचं अ‍ॅप रोज उघडलं जातं, आणि मग त्याच अ‍ॅपवर फोन, चपला, औषधं, काहीही विकता येतं.

आपल्याकडे याचं वर्णन बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलं जातं: चिनी लोक आता सगळं मोबाईलवरच घेतात. ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते गोष्ट उलटी आहे. मोबाईलने चिनी घराची सवय मोडली नाही, ती जुनीच सवय मोबाईलला शिकून घ्यावी लागली. ज्या कंपन्यांना हे उशिरा कळलं त्यांनी अब्जावधी बुडवले. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कूपनांचा काळ

आज साठी-सत्तरीत असलेल्या बीजिंगच्या आजीने तरुणपणी बाजारहाट म्हणजे काय अनुभवलं? १९५५पासून धान्य कूपनांवर मिळायचं. हळूहळू तेल, मांस, कापड, सगळ्यालाच कूपनं लागू लागली. खिशात पैसे असून कूपन नसेल तर रिकाम्या हाताने परत. उत्तरेत हिवाळ्यात हिरवी भाजी जवळजवळ नसायची. नोव्हेंबरात सरकारी गाड्या लांबट चिनी कोबीचे ढीग रस्त्यावर ओतायच्या आणि कुटुंबं शंभर-दोनशे किलो कोबी एकदम घेऊन गॅलरीत, जिन्याखाली रचून ठेवायची. तो वसंत ऋतूपर्यंत पुरवायचा. कधी पीक जास्त आलं की तो विकत घेणं हे देशप्रेमाचं काम ठरायचं.

हे बदललं दोन गोष्टींनी. १९८८मध्ये सरकारने ‘भाजीची टोपली’ नावाची योजना आणली. भाजी, मांस, अंडी, दूध, मासे यांचा शहरातला पुरवठा आणि भाव ही त्या शहराच्या महापौराची जबाबदारी ठरली. टोपली रिकामी राहिली तर जाब महापौराला द्यायचा! ही पद्धत आजही चालू आहे. दुसरी गोष्ट शानदोंग प्रांतातल्या शोउग्वांगची. तिथल्या एका गावचे पक्षसचिव वांग लयी यांनी १९८९मध्ये कोळसा न जाळता, फक्त उन्हाच्या उबेवर हिवाळ्यात भाजी पिकवणारी हरितगृहं उभी केली. पहिल्या वर्षी १७ होती. ती पद्धत उत्तर चीनभर पसरली आणि जानेवारीत काकडी ही अपूर्वाईची वस्तू राहिली नाही. १९९३च्या सुमारास धान्याची कूपनंही गेली.

म्हणजे बारा महिने ताजी भाजी मिळणं ही चिनी शहरांसाठी एका पिढीइतकीच जुनी चैन आहे. तिची किंमत तिथल्या म्हाताऱ्यांना बरोबर ठाऊक आहे.

ताजं म्हणजे किती ताजं?

चिनी मंडईत मासा पोहताना बघून घेतात. मेलेल्या माशाचा भाव लगेच पडतो. डुकराचं मांस सकाळी आलेलं, समोर कापलेलं हवं. पालेभाज्या नाजूक, तेलात मिनिटभर परतायच्या, त्यामुळे कालची जुडी आज चालत नाही. म्हणून सकाळी सहा-सातला निवृत्त मंडळी पिशवी किंवा दोन चाकांची छोटी गाडी घेऊन निघतात, भाव विचारत एक फेरी मारतात आणि दुसऱ्या फेरीत घेतात. ओळखीची भाजीवाली वर कांद्याच्या पातीच्या दोन काड्या टाकते. त्याचे पैसे नसतात, पण त्या पडल्या नाहीत तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुढच्या गाळ्यावर जातं.

१९९५मध्ये फ्रान्सची कारफूर आणि १९९६मध्ये अमेरिकेची वॉलमार्ट चीनमध्ये आली. त्यांची मूळ कल्पना होती आठवड्यातून एकदा मोटारीने यायचं आणि ट्रॉली भरून न्यायची. चिनी गिऱ्हाइकांना गार हवा, पक्की पावती, स्वच्छ फरशी आवडली. तेल, तांदूळ, साबण, बिस्किटं तिथून येऊ लागली. माशांसाठी दुकानात काचेच्या टाक्याही ठेवाव्या लागल्या. पण रोजची पिशवी मंडईतच भरत राहिली. पुढे पॅकबंद माल इंटरनेटवर स्वस्त मिळू लागला तेव्हा या प्रचंड दुकानांची दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. ताजं मंडईत, टिकाऊ मोबाईलवर, मग इथे कशाला यायचं? २०१९मध्ये कारफूरने चीनमधल्या धंद्याचा ८० टक्के हिस्सा विकून टाकला. अलीबाबाने २०२०मध्ये ३६० कोटी डॉलर मोजून आरटी-मार्ट या मोठ्या दुकानसाखळीचा ताबा घेतला होता. २०२५च्या सुरुवातीला तोही निम्म्याहून कमी किमतीत विकण्याचा करार केला.

अर्ध्या तासात कोबी येतो कसा?

२०१६मध्ये अलीबाबाने शांघायात हेमा नावाचं दुकान काढलं. टाकीतला खेकडा निवडा, तिथेच शिजवून घ्या, किंवा घरी बसून मागवा. तीन किलोमीटरच्या आत असाल तर अर्ध्या तासात पोचेल. मागणी आली की माणूस शेल्फवरून वस्तू काढून पिशवीत टाकतो आणि पिशवी छताला लटकणाऱ्या पट्ट्यावरून मागच्या खोलीत जाते. हेमाने दूध आणि भाजीच्या पाकिटांवर वारही छापले. सोमवारचं पाकीट सोमवारीच विकायचं. मंडईतला ‘आजचा माल’ हा शब्द असा पाकिटावर आला.

दुसरी वाट बिनदुकानाची. वस्तीच्या मध्ये एक छोटं गोदाम घ्यायचं, तिथे गिऱ्हाईक येणारच नाही, फक्त रायडर येतील. आपल्याकडे ब्लिंकिट किंवा झेप्टोमुळे ‘डार्क स्टोअर’ हा शब्द मुंबई-पुण्यात रुळला आहे, तीच ही कल्पना. चीनमध्ये २०१४ साली सुरू झालेली मिसफ्रेश आणि २०१७ साली शांघायात सुरू झालेली डिंगडोंग या कंपन्यांनी ती मोठ्या प्रमाणावर राबवली. जून २०२१मध्ये दोघींनी एकाच महिन्यात अमेरिकी शेअर बाजारात प्रवेश केला. वर्ष उलटून महिना होतो न होतो तोच, जुलै २०२२मध्ये, मिसफ्रेशने अर्ध्या तासाची सेवा बंद केली आणि कंपनी कोसळली.

हिशोब समजून घेऊ. आकडे मी कल्पनेने घेतले आहेत, गणित मात्र या धंद्यातलं आहे. समजा, एका घराने ६० युआनची भाजी मागवली. मालाची खरेदी ४५ युआन. सडला-सुकला म्हणून फेकलेल्या मालाचे ३. गोदामाचं भाडं, वीज आणि पिशव्या भरणाऱ्या माणसांचा पगार मिळून एका मागणीमागे ६. रायडरला ७. झाले ६१. एक युआन तोटा. त्यात नवं गिऱ्हाईक यावं म्हणून ८ युआनचं कूपन दिलं की तोटा ९ युआन.

यावर कंपन्यांचं उत्तर असायचं, की मागण्या वाढू द्या. एसटी पाच प्रवासी घेऊन निघाली काय आणि पन्नास घेऊन निघाली काय, डिझेल आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार जवळपास तेवढाच. गोदामाचंही तसंच. मागण्या वाढल्या की ६ युआनचे ४ होतात आणि ६० युआनच्या पिशवीमागे एक युआन सुटतो. पण रायडरचे ७ युआन फारसे कमी होत नाहीत, कारण प्रत्येक पिशवी वेगळ्या दारात न्यायची असते. आणि कूपन बंद केलं की निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या अ‍ॅपवर. मिसफ्रेश या कात्रीत सापडली. डिंगडोंग वाचली, कारण तिने हात आखडता घेतला. २०२३मध्ये छोंगचिंग आणि छंगदू ही मोठी शहरं सोडून ती शांघायच्या आसपासच्या दाट, पैसेवाल्या पट्ट्यात लक्ष घालू लागली. म्हणजे बस कुठल्या रस्त्यावर भरते ते तिने आधी पाहिलं.

मग समूह खरेदी हे काय प्रकरण आहे?

हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, म्हणून जरा थांबून बघण्यासारखा आहे. एका सोसायटीतली एक बाई, बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाची मालकीण, वीचॅटवर शेजाऱ्यांचा ग्रुप करते. तिला थुआनचांग म्हणतात, म्हणजे गटप्रमुख. आज रात्रीपर्यंत मागणी नोंदवायची, उद्या दुपारनंतर तिच्या दुकानातून आपापली पिशवी उचलायची. तिला विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपास कमिशन मिळतं.

वरच्या हिशोबात हे कुठे बसतं ते पाहा. किती कोबी लागणार हे आदल्या रात्रीच कळतं, त्यामुळे फेकायचा माल जवळजवळ शून्य. ट्रक एकाच ठिकाणी थांबतो, म्हणून रायडरचे ७ युआनही वाचतात. बदल्यात गिऱ्हाइकाने एक दिवस थांबायचं आणि चार पावलं चालायचं. हूनान प्रांतातल्या छांगशा शहरातल्या शिंगशेंग योशुआन या कंपनीने हे गणित जमवलं, विशेषतः मध्यम आणि छोट्या शहरांत.

२०२०मध्ये, करोनाच्या वर्षी, मोठ्या कंपन्यांना याचा वास लागला. मेइतुआन, पिंडुओडुओ, टॅक्सीवाली दीदी, सगळ्या उतरल्या आणि खरेदीच्या भावाखाली विकू लागल्या. मंडईतले गाळेवाले हवालदिल झाले. डिसेंबरात ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्राने सुनावलं, की एवढा डेटा आणि तंत्रज्ञान हाताशी असताना कोबीच्या चार गड्ड्यांवर कसला डोळा ठेवता. त्याच महिन्यात सरकारने नऊ मनाईचे नियम काढले. तोट्यात विकून बाजार बळकावायचा नाही, हा त्यातला मुख्य. मार्च २०२१मध्ये पाच कंपन्यांना मिळून ६५ लाख युआन दंड झाला. रक्कम त्यांच्या खिशाच्या मानाने चिल्लर होती, इशारा मात्र पोचला. पैशाचा ओघ आटला, एकेक खेळाडू बाहेर पडला, आणि जून २०२५मध्ये मेइतुआननेही बहुतेक भागांतून ही सेवा काढून घेतली.

समूह खरेदीचं सगळ्यात ठळक रूप मात्र कुठल्याच कंपनीने घडवलं नव्हतं. २०२२च्या एप्रिल-मेमध्ये अडीच कोटींचं शांघाय घरात कोंडलं गेलं. अ‍ॅपवर मध्यरात्री माल दिसायचा आणि सेकंदात संपायचा. तेव्हा इमारती-इमारतींत कुणी बँकेतला, कुणी शिक्षिका, असे साधे रहिवासी थुआनचांग झाले. त्यांनी थेट पुरवठादार शोधले, शंभर घरांची अंडी एकदम मागवली, पैशांचा हिशोब ठेवला, संरक्षक पोशाख घालून जिन्याजिन्याने वाटली. कोका-कोलाची बाटली देऊन कांद्याची पात घेणंही चाललं. वर्षानुवर्षं शेजाऱ्याचं नाव न विचारलेल्या लोकांना शेजारी सापडले ते भाजीमुळे.

म्हणजे मंडई संपली का?

नाही. बदलली. बऱ्याच जुन्या मंडयांत आता फरश्या, डिजिटल काटे, मालाच्या उगमाची माहिती देणारे पडदे आले. दोन जुड्या घेऊनही क्यूआर कोडवर पैसे देता येतात. सरकारही बारीक लक्ष ठेवतं. मांस लालबुंद आणि भाजी गर्द हिरवी दिसावी म्हणून गाळ्यांवर रंगीत दिवे लावायची पद्धत होती. १ डिसेंबर २०२३पासून मालाचा खरा रंग लपवणाऱ्या अशा दिव्यांना मनाई झाली. नियम छोटा आहे, पण ताजेपणाचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे ते त्यातून कळतं.

तरुण मंडळी मंडईत हौसेनेही जाऊ लागली आहेत. २०२१च्या शरदात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने शांघायची वूचोंग मंडई आपल्या नक्षीच्या कागदाने सजवली. त्या कागदात गुंडाळलेल्या भाजीसह फोटो काढायला रांगा लागल्या, आणि फोटो झाल्यावर भाजी टाकून दिल्याच्या बातम्याही आल्या. कूपनांचा काळ पाहिलेल्या आजीला हे कसं वाटलं असेल, हे विचारायची गरज नाही.

हे सगळं आळसातून आलंय का?

हा आक्षेप चीनमध्येही घेतला जातो, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून. त्याचं पहिलं उत्तर जनगणनेत आहे. २०१०मध्ये चिनी कुटुंबात सरासरी ३.१० माणसं होती, २०२०मध्ये २.६२ उरली. एकट्या राहणाऱ्या किंवा दोघंही रात्री आठला घरी येणाऱ्या माणसांना सहा वाजताची मंडई काय कामाची? त्यांना अर्धा कोबी, दोन टोमॅटो हवेत, तेही रात्री. ज्या घरात आजी-आजोबा आहेत तिथे सकाळची मंडई चालूच आहे.

दुसरं उत्तर भीतीचं आहे. २००८मध्ये सानलू आणि इतर कंपन्यांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे रसायन सापडलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. २०१३मध्ये कोंबड्यांमधून माणसात येणारा नवा फ्लू पसरला आणि शांघायने जिवंत कोंबड्यांची विक्री थांबवली. मग २०२० आलं. ‘माझा नेहमीचा खाटीक’ या भरवशाबरोबर आता ‘ही कंपनी तपासून घेते’ हा दुसरा भरवसा उभा राहिला. २६० युआन वर्गणी भरून सॅम्स क्लब या वॉलमार्टच्या फक्त सभासदांसाठीच्या दुकानांचं सभासद होणारा मध्यमवर्ग वस्तूच्या आधी हा भरवसा विकत घेतो. अशाच सभासदी दुकानांच्या कॉस्टको या अमेरिकी साखळीने २०१९मध्ये शांघायात पहिलं दुकान उघडलं तेव्हा गर्दी आवरेना म्हणून पहिल्याच दिवशी दार वेळेआधी बंद करावं लागलं. गंमत अशी, की घरं लहान आणि या दुकानांतली पाकिटं अवाढव्य. म्हणून मैत्रिणी मिळून एक पाकीट घेतात आणि वाटून नेतात. गटप्रमुख पुन्हा आलीच.

तयार पाकिटं खाऊन ताजेपणाच्या गप्पा?

हाही रास्त प्रश्न. कापून, मुरवून किंवा अर्धं शिजवून पाकिटात भरलेले पदार्थ चीनमध्ये खूप वाढले आहेत. घरी आणून गरम केलं की झालं. २०२४च्या मार्चमध्ये सरकारने त्यांची व्याख्या केली आणि त्यात संरक्षक रसायनं घालायला बंदी घातली. पण साखळी हॉटेलांच्या स्वतःच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात तयार होऊन शाखांना जाणारे पदार्थ त्या व्याख्येबाहेर ठेवले.

सप्टेंबर २०२५मध्ये यावरूनच भडका उडाला. लुओ योंगहाओ या उद्योजकाने शीबेई या हॉटेलसाखळीचे पदार्थ तयार पाकिटातले आणि वर महाग आहेत असं लिहिलं. मालक चिया ग्वोलोंग यांनी ते नाकारलं आणि पत्रकारांसाठी स्वयंपाकघरं उघडली. तिथे दिसली २४ महिने टिकणारी गोठवलेली ब्रोकोली, तीही मुलांच्या जेवणासाठी. कायद्याच्या भाषेत शीबेई चुकीची नसेलही, गिऱ्हाइकांनी मात्र ते ऐकून घेतलं नाही. स्वतः वीस युआनला पाकीट आणून घरी गरम करणं त्यांना चालतं, कारण आपण काय घेतोय हे माहीत असतं. ताज्याचे पैसे मोजून तेच ताटात आलं की राग येतो.

एवढं स्वस्त, मग बिल कोण भरतं?

बराच काळ गुंतवणूकदारांनी भरलं. बाकीचं रायडरांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी. अर्ध्या तासाचं वचन कंपनी देते, सिग्नल तोडायची वेळ रायडरवर येते. २०२५मध्ये जेडीने आणि मग मेइतुआनने रायडरांसाठी सामाजिक विम्याचे हप्ते भरायचं जाहीर केलं, तेही स्पर्धेच्या दबावाखाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्याने, विक्रेत्यांना खर्चाखालच्या भावात विकायला भाग पाडणं प्लॅटफॉर्मना मना केलं.

आणि गिऱ्हाईक? घरांच्या किमती उतरल्या, नोकऱ्यांची शाश्वती गेली, तसा तो युआन न् युआन मोजू लागला. मुदत संपत आलेला माल स्वस्तात विकणारी दुकानं शहरांत फोफावली. दक्षिणेतल्या छ्यानदामा या साखळीत शिळं मांस विकायचंच नाही असा नियम आहे. संध्याकाळी सातला दहा टक्के सूट, मग दर अर्ध्या तासाला आणखी दहा टक्के, आणि उरलेलं शेवटी फुकट. किती वाजता गेलं तर हवी ती भाजीही मिळेल आणि सूटही, याचा अंदाज बांधण्यात लोक पटाईत झाले आहेत.

पुण्या-मुंबईचंही असंच होणार का?

सरसकट नाही. तिथे तीस-तीस मजली इमारतींच्या कुंपणबंद वसाहती एकमेकींना लागून असतात. एका गोदामाभोवती तेवढी घरं मिळणं हे गणिताचं मूळ आहे. ते जिथे आहे तिथेच, म्हणजे ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या पट्ट्यांत, तुलना करावी. शिवाय आपल्याकडे हातगाडी फाटकापर्यंत येते. चिनी महानगरांत ती बऱ्याच अंशी हटवली गेली आणि ती पोकळीही अ‍ॅपच्या पथ्यावर पडली.

आणि चीनमध्येही गोष्ट अ‍ॅपवर थांबलेली नाही. अलीबाबाने ३१ ऑगस्ट २०२५ला हेमाचं शेवटचं भव्य सभासदी दुकान बंद केलं आणि वस्त्यांमधल्या लहान, स्वस्त दुकानांवर भर दिला. जेडीने त्याच ऑगस्टमध्ये हपै प्रांतातल्या च्वोचौ शहरात सवलतीचं सुपरमार्केट उघडलं. मेइतुआनने हांगचौमध्ये तसंच एक उघडलं. कूपनं उधळून एकमेकींशी भांडणाऱ्या याच तीन कंपन्या, त्याच महिन्यात, लोकांनी पायी येऊन, बघून, हाताने निवडून घ्यावं म्हणून दुकानं थाटत होत्या.